हार्डवेअरप्रेमी साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
खरेदी बघणारे साहेब,
गणवेशाची एक शेड, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर



साहेब, पत्रात तुमचं नाव घालत नाही. घातलं तर मालक वाचतील, तुम्ही किती पैसे वाचवले ते त्यांना कळेल आणि पगारवाढ होईल ती तुमची. दुरुस्तीला आलेल्या मालाचा, म्हणजे आल्टरचा, ढीग मात्र आमच्याच टेबलावर राहील. शेडचं नावही लिहीत नाही. तुमच्यासारखे साहेब एकाच शेडमध्ये असतील, असा माझा मुळीच समज नाही.

तुमची अडचण मी समजू शकते. चिंचोळीत आजूबाजूला इंजिनिअरिंगचे आणि केमिकलचे कारखाने. इथं कॅमशाफ्ट बनतात, अमाईन्स बनतात. त्यामुळे नट, बोल्ट, वॉशर, ग्रीस, जीआय तार सगळं पायाशी. सुया, बॉबिन, बकरम आणायचं तर पुणे रस्त्यानं शहर गाठा, पेठेत गाडी लावायला जागा शोधा, वर उन्हाचे चटके खा. एवढं कोण करणार? तुम्ही सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेलात आणि शिलाईच्या सामानाची यादी वाचून दाखवलीत. त्या बिचाऱ्यानं त्याच्याकडे होतं ते दिलं. त्याला मी दोष देत नाही.

आणि तुमच्या धाडसाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली उभी राहिली. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. 2017 मध्ये याच गावात गणवेशाचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं आणि बाहेरगावचे व्यापारी इथले शर्ट उलटे करून शिलाई बघून गेले. सूत-कापडात पिढ्या घालवलेल्या या गावाला जे सुचलं नाही, ते तुम्हाला एका कोटेशनमध्ये सुचलं!

सुरुवात वॉशरपासून झाली. कटिंग टेबलावर पॅटर्न हलू नये म्हणून वजनं लागतात. ती विकत घ्यायची तर पैसे पडतात, आणि वॉशर तर किलोवर मिळतात. कल्पना वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. पण तुम्ही आणलेत ते काळे, बिनगॅल्व्हनाइज्ड, कारण ते आणखी स्वस्त. मे महिना, टेबलाशेजारी कूलर, त्याची ओली हवा थेट कापडावर. पांढऱ्या शर्टाचा थर टेबलावर तसाच ठेवून सगळे सुट्टीला गेले. परत आल्यावर वरच्या थरावर गोल गोल तांबूस कडी उमटलेली, मधे भोक सोडून, अगदी सुबक. कंपासनं काढली असती तरी इतकी बरोबर आली नसती.

इथवर चूक कूलरची म्हणता आली असती. पण तुम्ही हार मानणारे नव्हे. "ब्लीच मारा, जातंय," असा हुकूम सोडलात. गंजाच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं की डाग जात नाही, उलट पक्का बसतो. हे घरोघरी धुणं धुणाऱ्या बाईला माहीत असतं, शेडमधल्या प्रत्येक अक्काला माहीत होतं. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं असतं, नाहीतर ऑक्झॅलिक ॲसिड सांभाळून वापरलं असतं, तर बरेचसे तुकडे वाचले असते. अक्का तेव्हा तेलुगूत जे म्हणाल्या ते मी मराठीत उतरवत नाही. पत्र चारचौघांत वाचलं जाणार आहे.

त्यानंतर तुम्हाला लाइनदोरी सापडली. गवंडी भिंतीवर सरळ रेघ मारायला वापरतात ती. मुलींच्या स्कर्टच्या चुण्या टेलर चॉकनं आखत बसण्यापेक्षा दोरी ताणायची, टिचकी मारायची, की रेघ तयार. वेळ वाचला, खरंच वाचला. फक्त दोरीत भरायला तुम्ही गेरू आणलात. टेलर चॉक झटकला की जातो, धुतला की जातो. गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइड, म्हणजे वॉशरवरचा तोच गंज, यावेळी पूड करून, पाव किलोच्या पुडीत, आपल्या हातानं कापडावर शिंपडलेला. गडद निळ्या स्कर्टवर तो खपून गेला. पांढऱ्या पट्टीवर उमटला तो कायमचाच.

पण मशीनच्या तेलाबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण तिथं नुकसान कापडाचंच नव्हे, मशीनचंही झालं. आमची जुकी शिलाई मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारू शकते. एवढ्या वेगात आतले भाग तापू नयेत म्हणून खालच्या ट्रेमध्ये तेल असतं, पंप ते वर खेचतो, आणि डोक्यावरच्या छोट्या काचेत ते उडताना दिसतं. ती काच बघूनच ऑपरेटरला कळतं की तेल चढतंय. हे तेल पाण्यासारखं पातळ आणि बिनरंगी असतं, ते हौस म्हणून नाही. सुईच्या दांड्यावरून एखादा थेंब उतरलाच, तर तो धुण्यात निघावा म्हणून. त्या दिवशी काचेत बघितलं तर आत कडक चहा उसळत होता. तुम्ही गाड्यांचं इंजिन ऑइल ओतलं होतं. जाड तेल पंपाला नीट चढेना, शटल तापू लागलं, धागा तुटू लागला. आणि जे काही चढलं ते दांड्यावरून कॉलरवर उतरलं. मेकॅनिकनं ट्रे रिकामा केला, रॉकेलनं पुसला, नवं तेल घातलं, आणि जुनं तेल निघेपर्यंत कतरणीवर मशीन चालवत बसला. त्या दिवशी ती लाइन बंदच राहिली. त्याचा हिशोब तुमच्या बचतीच्या वहीत कुठल्या पानावर आहे?

मग तुम्ही सुधारलात आणि डब्ल्यूडी-40 चा डबा घेऊन आलात. 1953 मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून हा पदार्थ तयार झाला. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. अडकलेला स्क्रू सोडवायला उत्तम. पण शटलवर मारला की आधीचं तेल धुऊन नेतो, स्वतः उडून जातो आणि मागे कोरडं लोखंड घासत राहतं. त्या लोकांनी चाळीस प्रयोग केले, साहेब. तुम्ही पहिल्यावरच थांबलात.

बाकी किरकोळ. बकरमऐवजी कॉलरमध्ये फेविकॉल लावला, तो पहिल्या धुण्यात सुटला, कारण तो पाण्यातलाच गोंद. स्कूलबॅगचं रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटू नये म्हणून प्लंबरचा टेफ्लॉन टेप गुंडाळला. त्या टेपला मुळात गोंदच नसतो, तो गेला दात्यांत. छोट्यांच्या हाफ पँटला इलॅस्टिकऐवजी सायकलची ट्यूब कापून घातली आणि पोरांच्या कमरेला काळे पट्टे उठले. कॉलर ताठ राहावी म्हणून केबल टाय घातलात, तेव्हा मी हसले नाही, कारण त्यामागे परंपरा आहे. युरोपात बायकांच्या कॉर्सेटमध्ये पूर्वी देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या घालत आणि आज वेशभूषेचे हौशी लोक त्याऐवजी जाड केबल टाय वापरतात. पण ते लोक तो पोशाख घालून जूनमध्ये प्रार्थनेला उभे राहत नाहीत, आणि त्यांची आई तो दर आठवड्याला कडक इस्त्री करत नाही. कापलेल्या टायचं टोक मानेला टोचतं, हे सांगायला मूल घरी जाईपर्यंत थांबत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिलं, तिच्याकडे येते.

शेडमध्ये एक वही असते, तुटलेल्या सुईची. सुई तुटली की ऑपरेटर मशीन थांबवतो, हात वर करतो. सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटपट्टीनं जोडून लावायचे, तारीख आणि मशीन नंबर लिहायचा, मगच नवी सुई. एक टोक जरी सापडलं नाही, तरी अख्खं बंडल बाजूला काढून तपासायचं. जिथं लहान मुलांचे कपडे बनतात तिथं हे पाळावंच लागतं, कारण सुईचं ते टोक सहा वर्षांच्या पोराच्या गळ्याशी जातं. कुणी बघत नसलं तरी आमच्या लाइनीवर हे पाळलं जातं.

तुम्ही काय केलंत? पॅकिंगच्या क्लिपा संपल्या म्हणून सळई बांधायच्या बाइंडिंग वायरचं भेंडोळं आणलंत आणि हेल्परांना तुकडे करायला बसवलंत. घडी धरायला प्रत्येक शर्टात दोन-तीन तुकडे. किती कापले, किती लावले, किती खाली पडले, कुणी मोजलं नाही. त्या वहीत तारेसाठी रकाना नाही. वर नव्या सुया कशाला म्हणून बोथट सुया पॉलिश पेपरवर घासून परत लावायला सांगितल्या. घासलेल्या टोकाला बारीक कूस राहते, ती कापडाचे धागे ओढते आणि सुई लवकर तुटते. म्हणजे तुकडे वाढले आणि ते ओळखायची सोय गेली, कारण तारेच्या गर्दीत सुईचं टोक शोधायचं कसं?

2024-25 मध्ये राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली, तेव्हा उशीर आणि चुकलेली मापं यावरून केवढी ओरड झाली, ते तुम्हीही पेपरात वाचलं असेल. पुढच्या वर्षासाठी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. पालक आता शर्ट उलटा करून बघतात. त्यात तार निघाली, तर ते हार्डवेअरच्या दुकानात जाणार नाहीत, साहेब.

आणि असं समजू नका की आम्हाला जुगाड कळत नाही. तुमच्याच वॉशरांना अक्कांनी कतरणीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. आता ते गंजले तरी डाग कापडापर्यंत येत नाही, वजनं झकास झाली. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक टाचण्या गोळा करायला ठेवलंय, आणि तेच आता पॅक झालेल्या शर्टांवरून फिरवून तार शोधली जाते. मशीनच्या पाट्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर मास्किंग टेप लावलाय, नवी मुलगीही सरळ शिवते. धाग्याचे कोन ठेवायला पीव्हीसी पाइपचे स्टँड केलेत. यातली एकही वस्तू कपड्यात बसून शाळेत जात नाही. हार्डवेअर टेबलावर चालतं, मशीनच्या अंगावर चालतं. कपड्याच्या आत आणि मशीनच्या पोटात चालत नाही. हे ठरवायला अक्कांनी कुणाकडून कोटेशन मागवलं नव्हतं.

तेव्हा एवढंच करा: शिलाई मशीनचं पांढरं तेल, 14 नंबरच्या सुयांची पाकिटं, बकरम, इलॅस्टिक आणि पॅकिंगच्या क्लिपा शहरातून मागवा. उरलेलं बाइंडिंग वायरचं भेंडोळं दुकानदाराला परत करा. आणि जो माल आधीच शाळांकडे रवाना झालाय, त्या शाळांना आजच फोन करा.

आपली,
तिसऱ्या लाइनची सुपरवायझर