हे खरे आहे काय?

अहो, ऐकलंत का? जरा इकडं सरका, जास्वंदीपाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, समोरची खिडकी सदा उघडीच असते. काल समोरच्या बँकवाल्या वहिनींकडं हळदीकुंकू होतं ना, तुम्ही नेमक्या गड्ड्याच्या जत्रेला गेलात आणि सगळं हुकलं की तुमचं! वाण काय, तर चहाचं गाळणं. असू दे, आपण कशाला बोला. पण त्या गाळण्यावरनं जे बोलणं सुरू झालं ते कुठल्या कुठं गेलं म्हणता…

झालं असं, कुणीतरी म्हणालं, गाळणं चांगलंय, पण गाळायला पाणी यायला नको का नळाला? मी आपली सहज बोलून गेले, "आम्हा सांगोल्याकडच्यांना पाण्याचं काय सांगता? आमच्या आबांचं आयुष्य गेलं पाण्यापायी." बस. एवढंच बोलले. तर त्या मोहोळच्या मास्तरीणबाई आहेत ना, रिटायर झालेल्या, त्यांनी तिळगुळाचा खडा तोंडात टाकला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आबा तुमचे कुठले? आबा आमचे. जन्म पेनूरचा. पेनूर मोहोळ तालुक्यात येतं."

माझा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! बोट कुंकवात तसंच. खोटं तर काही नाही ना त्यात, पेनूरचेच ते.

मी काही म्हणणार, तेवढ्यात वहिनींची नवी सून, पुण्याची हो, ती विचारते, "कोण आबा?" अख्खी खोली गप्प. मास्तरीणबाई आणि मी, आत्ता एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, एका सुरात म्हणालो, "गणपतराव देशमुख!" शेतकरी कामगार पक्षाचे, एकाच सांगोल्यातनं 11 वेळा आमदार. त्यावर ते लेकरू म्हणतं कसं, "हां हां, ते काय झाडी, काय डोंगार, काय हाटीलवाले!"

अगं आई गं! वहिनींनी डोक्याला हात लावला. ते शहाजीबापू पाटील, आबांचे कट्टर विरोधक! 2022ला गुवाहाटीतनं एक फोन काय केला आणि सांगोला सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. अकरा निवडणुकांनी जे झालं नाही ते एका हाटीलनं झालं. बिचारी सून लाल लाल झाली. मी म्हटलं, असू दे गं बाळ, पण सांगोल्याच्या स्टँडवर उतरून हे बोलू नकोस. तिकडं आबा, बापू, आणखी एक दीपकआबा… घरातल्या वडीलधाऱ्यांची यादी वाचल्यागत निवडणूक असते. 2019ला दीपकआबा बापूंच्या बाजूनं, 2024ला बापूंच्याच समोर उभे! आमच्या वन्संना अजून हिशेब लागत नाही कोण कुणाचं.

तर काय सांगत होते… हां, मास्तरीणबाई. शिक्षिकाच त्या, सोडतात होय? म्हणाल्या, "अकरा वेळा म्हणता, दोनदा पडलेसुद्धा होते." पडले होते की. 1972ला आणि 1995ला. 1995ला तर याच बापूंकडनं 192 मतांनी. 192! एवढी माणसं आमच्या दादाच्या लग्नात पहिल्या पंगतीला होती. पण मला 1972चं जास्त लागतं. दुष्काळ दाराशी आणि आबा सभागृहाबाहेर. आमची आई खडी फोडायला जायची, मी तिच्याजवळ धोंड्यावर बसलेली. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर मिळायची ती सुकडी. आई सुकडी पदरात बांधून आणायची आमच्यासाठी. त्या वासानं अजून मला… जाऊ दे.

1974ला पोटनिवडणूक लागली आणि आबा परत आत. पुढं त्या खडी फोडण्याचा कायदा झाला बघा, रोजगार हमीचा. 1977ला झाला, 1979च्या 26 जानेवारीपासून लागू. मागेल त्याला काम. आणि गंमत बघा, 1999ला आबा मंत्री झाले तेव्हा खातं हेच मिळालं, रोजगार हमी आणि पणन. त्याआधी 1978ला पवारांच्या पुलोद सरकारमध्ये मंत्री होते तेवढंच. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. आमचे हे म्हणतात, सत्तेत गेले असते तर तालुक्याचं सोनं झालं असतं. मी म्हणते, सत्तेतल्यानं प्रश्न विचारलेला ऐकलाय कधी? तो अभिनंदनाचा ठराव मांडतो.

प्रश्नांवरनं आठवलं! आमच्याकडं भाचा राहतो ना, एमपीएससी करणारा. दिवसभर मोबाईलमध्ये तोंड. मला वाटायचं पोरगी बिरगी असेल. परवा हळूच मागनं जाऊन बघितलं, तर विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ! म्हटलं वाच बघू मोठ्यानं. अहो, काय ती भाषा! तारांकित प्रश्न म्हणे. तारांकित म्हणजे मंत्र्यानं उभं राहून तोंडानं उत्तर द्यायचं, वर सभासदांनी उपप्रश्न टोचायचे. अतारांकित असला की लेखी उत्तर, म्हणजे कुणाचा चेहरा पडलेला दिसायची सोय नाही. मला तारांकितच आवडला.

प्रश्न असा सुरू होतो: अमुक गावी तमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली उत्तर. एक, "हे अंशतः खरे आहे." दोन, "प्रश्न उद्भवत नाही." संपलं! अंशतः खरं म्हणजे काय हो? पोळी अंशतः करपली म्हटलं तर आमच्या सासूबाईंनी ऐकून घेतलं असतं?

तेव्हापासनं आमच्या घरात तेच चाललंय. भाचा ताटावर बसतो आणि म्हणतो, "आमटीत मीठ पडलेले नाही, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय?" आमचे हे पेपरातनं डोकं वर न काढता म्हणतात, "प्रश्न उद्भवत नाही." अशानं मंत्रालयात नोकरी लागायची दोघांनाही.

तर आबा. त्यांचं म्हणजे असं, एक तर वकिली शिकलेले, आणि दुसरं म्हणजे एसटीतनं फिरणारे. एसटीत आमदारांसाठी राखीव अशी पाटी असते बघा, आपण खुशाल त्याखाली बसून शेंगा सोलतो. कधी आमदार बसलेला बघितलाय? आमच्या सांगोल्याकडं विचारा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती पाटी कुणाची ते नीट माहीत होतं. ना गाडी ना ताफा. आणि माझं म्हणणं असं, जो स्टँडवर उभा राहतो त्याला कुठली गाडी लेट, कुठल्या रस्त्याला खड्डे, कुठल्या गावची पोरं लोंबकळत शाळेला येतात, हे पीएनं टिपण काढून द्यावं लागत नाही. शेजारी बसलेली बाईच सांगते. कोंबडी मांडीवर घेऊन सांगते, पण सांगते.

हे मी काल बोलले, तेव्हा मास्तरीणबाई पहिल्यांदा माझ्या बाजूनं मान हलवायला लागल्या. त्यांचं आयुष्य खेड्यातल्या शाळेत गेलेलं. म्हणाल्या, "पोरगी शाळा सोडते ती अभ्यासाला भिऊन नाही, अंधाराला भिऊन." अगदी खरं हो. माझ्या भावाची धाकटी आठवीत. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावानं फुकट पास आहे, तो तिच्या दप्तरात आहे. शाळा आहे, सर आहेत, पास आहे. संध्याकाळची गाडी तेवढी कधी येते, कधी येत नाही. मागं एकदा दिवेलागण होऊन गेली तरी पोर घरी नाही. भावजय रस्त्यावर, दादा मोटरसायकलवर. शेवटी कुणाच्या तरी दुधाच्या टेम्पोतनं आली, हसत. भावजय त्या रात्री म्हणाली, "बास झाली शाळा." दोन दिवस पोरगी जेवली नाही, मग पुन्हा सुरू झाली. मी भाच्याला म्हटलं, लिही रे यावर तारांकित. त्यानं काय लिहावं? "सदर मुलगी दुधाच्या टेम्पोतून घरी आली, हे खरे आहे काय?" मेला!

आणि शेतीचं तर… आमचा दादा डाळिंबवाला. सोलापूरच्या डाळिंबाला 2016ला जीआय मानांकन मिळालं तेव्हा त्यानं स्टेटस ठेवलं होतं आठवडाभर. आता त्याला डाळिंबाचं विचारायचं नाही. आधी तेल्या, मग मर, मग ते खोडाला बारीक भोकं पाडणारं किडं. एवढं मोठं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, पण दादा म्हणतो, शास्त्रज्ञ बागेत येईपर्यंत कीड पुढच्या बागेत जाते. त्यातल्या त्यात एक दिवस त्याच्या तोंडावर तेज होतं. 28 डिसेंबर 2020. देशातली शंभरावी किसान रेल्वे, आणि ती कुठनं? सांगोल्यातनं! मोदींनी दिल्लीतनं झेंडा दाखवला. गाडी शालिमारला जाणार म्हणाले. आम्हाला वाटलं काश्मीर, ती बाग हो. भावजयनं तर थंडीचं विचारलं! निघालं हावड्याकडचं स्टेशन.

पण रेल्वे काय, एसटी काय, बागेला आधी पाणी पाहिजे ना. तिथं आबा अडून बसले ते बसलेच. आटपाडीची पाणी परिषद आठवते? तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं, नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा. मागणी एकच, कृष्णेचं पाणी वर चढवा. लोक हसायचे, पाणी काय डोंगर चढतं? चढलं की! कराडजवळ टेंभूला उचलतात, टप्प्याटप्प्यानं वर ढकलत आणतात. पण किती वर्षं लागली हो… तेच मागणं, तीच परिषद, दरवर्षी. घरातली सून असं वर्षानुवर्षं एकच मागायला लागली तर आपण म्हणू, काय बाई किरकिर. आमदारानं केली तर त्याला पाठपुरावा म्हणतात.

आणि तालुक्यात धड कापूस पिकत नाही तिथं आबांनी सूतगिरणी काढून दाखवली, चालवूनही दाखवली! आपल्या सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे बंद पडलेले ऐकले ना आपण? मग कळतं तुम्हाला मी काय म्हणतेय. यावर वहिनी जरा गप्प झाल्या, त्यांचे सासरे गिरणीत होते ना. मी विषय बदलला. मला कळतं तेवढं.

काय सांगत होते? हां, 2019. आबांनीच सांगितलं, आता वय झालं, मी उभा राहत नाही. पक्षानं आधी दुसरंच नाव जाहीर केलं, कार्यकर्ते रुसले, मग नातू उभा राहिला, डॉक्टर अनिकेत. आणि हरला. किती मतांनी? 768! कुणाकडनं? पुन्हा बापूच! त्या दिवशी दादाच्या घरी चूल पेटली नाही म्हणतात. 30 जुलै 2021ला आबा गेले, इथं आपल्या सोलापुरातच. 2023च्या ऑगस्टमध्ये सांगोल्यात पुतळा बसला, तेव्हा फडणवीस आणि पवार एका स्टेजवर. आदल्याच दिवशी पुण्यात पवार काका-पुतण्यांच्या भेटीचा गवगवा झालेला! आम्ही टीव्हीवर भाषण कशाला ऐकतोय, कोण कुणाकडं बघतंय तेच बघत होतो. मी तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले.

आणि 2024ला दुसरा नातू, डॉक्टर बाबासाहेब. बापू एका बाजूला, दीपकआबा एका बाजूला आणि मधनं हा निघाला. सगळ्या विधानसभेत शेकापचा हा एकटाच. एकट्यानं काय होणार, असं बँकवाल्या वहिनी म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी लगेच विचारलं, "वर्गात हात वर करायला किती जण लागतात?" वहिनींचं तोंड असं झालं बघा… मला हसू आवरेना.

निघताना मीच मास्तरीणबाईंच्या पदरात तिळगूळ घातला. म्हटलं, बाई, पेनूर तुमचं, मान्य. अंशतः नाही, पूर्ण खरे आहे. पण मतं आमची. त्या हसल्या, तरी जाता जाता बोलल्याच, "माहेर ते माहेर."

थांबा, नळ आला वाटतं. पळा, तुमचीही टाकी भरून घ्या. आणि हे बघा, त्या सुनेनं बापूंना आबा केलं ते कुणाला सांगू नका हं. मी फक्त तुम्हालाच सांगितलं, आणि सकाळी दूधवाल्या मावशींना.