हातावेगळे काका

काकांकडे गाण्याबजावण्याच्या माणसांचे खोकी भरून फोटो आहेत आणि त्यांत शोधून एक डोकं सापडायचं नाही. मनगटापाशी सुरुवात, बोटांपाशी शेवट. ‘‘तोंडाचं काय, कॅमेरा दिसला की ते लगेच सुरात येतं. हाताला तेवढी सवड नसते,’’ हे त्यांचं शास्त्र. ट्रॉम्बे कोळीवाड्यापासून चेंबूरच्या फाइन आर्ट्सपर्यंत कुठेही वाद्य लागलं की काका स्टेजच्या कोपऱ्यात, एका गुडघ्यावर.

नोकरी भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली. रेडिएशनजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर तिथे फिल्मचा बॅज असे. १९७५ पासून त्याच्या जागी टीएलडीचा, म्हणजे थर्मोल्युमिनेसंट डोसीमीटरचा, आला. ‘‘कॅमेरा नंतर आला, फिल्म आधीपासून अंगावर,’’ असं ते ऐटीत सांगतात. वाद घालायला जाऊ नये, दाखले तयार असतात. १८९५ साली राँटगेननं क्ष-किरणांनी बायकोचं काय टिपलं? हात, अंगठीसकट! (‘‘त्यानं निदान बायकोचा तरी टिपला,’’ हे आतून काकू.) यूसुफ कार्शनं १९५४ मध्ये चेलो वाजवणाऱ्या पाब्लो कासाल्सचा फोटो काढला, तो चक्क पाठमोरा. पाठ चालते, मग हातानं काय घोडं मारलंय? पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी काढलेल्या गवयांच्या फोटोंचं कुणी कौतुक केलं, तर काका मनापासून मान डोलावतात. ‘‘उत्तमच. फक्त वरचं जरा जास्त घेतलंय.’’

हात वाचण्यात मात्र माणूस पक्का. सारंगीवाल्याच्या डाव्या हाताची नखं मुळाशी बघायची. तारेला तिथला भाग लागतो, घट्टा पडतोच. सरोदवाला डावी नखं पोरांसारखी जपतो, कारण मींड त्यांच्यावर घसरते. सतारियाच्या उजव्या तर्जनीवर मिजराबीची खूण, डाव्या बोटांवर तारेच्या खाचा. इथवर थांबले असते तर काकांना कुणीही गुरू मानलं असतं. पण ते पुढे स्वभावात शिरतात. करंगळी ताठ, म्हणजे घरी कुणाचं ऐकत नाही. अंगठा आत वळलेला, म्हणजे मानधन थकलं तरी तोंड उघडणार नाही. हे दुसरं बहुधा खरं निघतं. पण तो अंगठ्याचा गुण नसून आपल्याकडच्या मैफलींचा असावा, अशी माझी शंका आहे.

चेहरे लक्षात ठेवायची त्यांना गरजच उरलेली नाही. बाजारात ओळखीचा पेटीवाला समोर उभा राहिला तरी काका कोऱ्या नजरेनं बघतात. त्यानं कोथिंबिरीच्या जुडीला हात घातला की मग ओरडतात, ‘‘अरे, तुम्ही होय! भाता फार ओढता हो हल्ली.’’ नमस्कार करणारा वादक त्यांना आवडत नाही. दोन्ही हात एकमेकांत लपवतो म्हणे.

कोळीवाड्यातल्या हळदीला ते खरे खुलतात. दिवसा जाळं शिवणारी बोटं, सुतानं कापलेल्या रेघांसकट, रात्री बेंजोच्या पट्ट्यांवर पळतात. अशा एका लग्नाचा अल्बम वधुपित्यानं मागितला. त्यात बेंजो, ट्रम्पेटचे पिस्टन, ढोलकी आणि मेंदी निघाली. लग्न कुणाचं, ते मेंदीतल्या नावावरून कळलं.

तिथल्याच एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याचा सत्कार ठरला. फ्लेक्ससाठी फोटो काकांकडेच होता. दहा फुटी फ्लेक्स नाक्यावर चढला: पुड्यावर पडण्याआधीचा उघडा पंजा, खाली ‘हार्दिक अभिनंदन’. निवडणूक तोंडावर. संध्याकाळी ड्यूटीवरचा एक माणूस शिडी घेऊन हजर. आचारसंहिता लागलीय, पक्षाचं चिन्ह झाका.

‘‘चिन्ह?’’ काका शिडीला आडवे झाले. ‘‘चिन्हातल्या पंजाला घट्टे असतात का? ही करंगळी बघा. चाळीस वर्षं ढोलकी आहे तिच्यात.’’

तो माणूस समजूतदार निघाला. डोकं खाजवत म्हणाला, ‘‘बरं, पंजा राहू दे. दोन बोटांवर कागद चिकटवू, म्हणजे चिन्ह दिसणार नाही.’’

‘‘कुठली दोन?’’ काका कडाडले. ‘‘तर्जनी झाकलीत तर चाट कशानं वाजवणार तो?’’