पेन्शन गोठते म्हणे, नाना!

हॅरो, लंडन
12 ऑक्टोबर 2025

ती. नाना व ती. सौ. आई यांस,


नाना, तुमचं पत्र मिळालं. 'निवृत्तीनंतर तिकडेच राहणार की तासगावला येणार, एकदाचं काय ते कळवा,' असं तुम्ही विचारलंत. उत्तर खरं तुमच्या चिरंजीवांनी द्यायचं. पण ते दर शनिवारी एक्सेलचा तक्ता उघडून बसतात. त्यात 'लंडन' आणि 'तासगाव' असे दोन रकाने आहेत आणि दर आठवड्याला वेगळाच रकाना जिंकतो. म्हणून मीच लिहिते.

आधी तुमचे आभार. इथली सरकारी पेन्शन कधी सुरू होणार हे जन्मतारखेवर ठरतं. चिरंजीव जन्मले 1978 च्या श्रावणात, पण शाळेत लवकर घालायचं म्हणून तुम्ही मास्तरी रिवाजाप्रमाणे 1 जून लिहिलीत, तीही 1977 सालची. तीच पासपोर्टावर आली. सध्याच्या कायद्याप्रमाणे त्या तारखेला 6 जुलै 2044 पासून पेन्शन लागू होते. खरी तारीख असती तर 68 पुरी होईपर्यंत, म्हणजे 2046 च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं असतं. तुमच्या एका फटकाऱ्याने दोन वर्षांची कमाई झाली! माझ्या वडिलांनी मात्र माझी तारीख खरी लिहिली. त्यावर मी काही बोलत नाही.

आता ही पेन्शन किती? 2025-26 या वर्षी पूर्ण दर आठवड्याला 230.25 पौंड आहे. त्यासाठी नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीची 35 वर्षं भरावी लागतात, आणि दहाही भरली नाहीत तर हाती भोपळा. दर एप्रिलला ती महागाईने, पगारवाढीने की अडीच टक्क्यांनी, यांत जे जास्त असेल त्याने वाढते. इथवर सगळं गोड आहे. मेख पुढे आहे. पेन्शन घेऊन माणूस भारतात राहायला गेला की ती गोठते. निघताना, किंवा तिकडे सुरू होताना, जो आकडा असेल, त्याच आकड्यावर मरेपर्यंत. म्हणजे 2016 साली भारतात राहून पूर्ण नवी पेन्शन सुरू केलेल्या माणसाला तेव्हा आठवड्याला 155.65 पौंड मिळत होते, ते आजही तेवढेच मिळतात. तोच माणूस अमेरिकेत किंवा फिलिपाइन्समध्ये गेला असता तर वाढ चालू राहिली असती! कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचे लोकही आमच्याच पंगतीला आहेत. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या कार्सनबाई आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण याविरुद्ध थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. 2010 मध्ये हरले.

चिरंजीवांनी यातून वाट काढली आहे. पेन्शनर इकडे मुक्कामाला आला की तेवढ्या दिवसांपुरता चालू दर मिळतो. तेव्हा दरवर्षी उन्हाळ्यात लंडनला यायचं आणि वाढीव पेन्शन घ्यायची. विमानाचं भाडं त्या वाढीपेक्षा जास्त होतं, हे मी दाखवून दिलं. मुक्काम लेकीकडे करायचा आहे. लेकीला अजून विचारलेलं नाही.

गणपतीत इथल्या महाराष्ट्र मंडळात गेलो होतो. मंडळ 1932 चं, त्यामुळे तिथे अनुभवी माणसांना तोटा नाही. आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हाच विषय, राहावं की परतावं. रांगेतल्या प्रत्येकाकडे पक्का सल्ला असतो आणि पुढच्याचा सल्ला त्याच्या बरोबर उलट! सगळं ऐकून माझं मत असं झालं, की आपल्या घरात तासगावात बसून वाढती पेन्शन खाणारे तुम्ही एकटेच. तुमच्या जिल्हा परिषदेच्या नोकरीला चिरंजीव नाकं मुरडायचे. आता तुमच्या महागाई भत्त्याची बातमी आली की गप्प बसतात.

पेन्शनखेरीज बचतीचाही प्रश्न आहे. इथे आयसा नावाचं बचतीचं खातं असतं. वर्षाला 20,000 पौंडांपर्यंत भरा, वाढीवर कर नाही. पण भारताच्या आयकर खात्याला आयसाचं कौतुक नाही. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माणूस 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे' असा धरतात आणि परदेशातल्या मिळकतीवर कर घेत नाहीत, नंतर घेतात. आई, नव्या सुनेचे लाडही तेवढेच दिवस असतात ना!

दवाखान्याचं थोडक्यात सांगते. कायमचं निघून आलं की एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, मोफत इलाज संपतो. तिकडे आता पासष्टीनंतरही नवा आरोग्य विमा मिळतो, पण आधीच्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबवतात. चिरंजीवांची शुगर बघता विम्याचं काम आधीच उरकायला हवं.

आता तुम्ही कळवलेली, विकायला निघालेली दोन एकर द्राक्षबाग. आमच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी परकीय चलनाच्या कायद्याने आम्हाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते. हे वाक्य सुनेने सासऱ्यांना लिहिण्याजोगं नाही, म्हणून चिरंजीवांना लिहायला सांगितलं, तर ते म्हणाले, "तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." तेव्हा नाना, तुम्ही शंभर वर्षं जगा. आम्हाला बागेची मुळीच घाई नाही.

धाकटीचं शिक्षण होईपर्यंत आम्ही काही ठरवणार नाही. तोवर तुम्ही दोन कामं करा. चिरंजीवांचं तिकडच्या बँकेतलं जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यायचं आहे, त्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. आणि बागवाल्याला स्पष्ट नाही म्हणून सांगा, विसार मुळीच देऊ नका.

तुमची,
थोरली सून