सूर्यनारायण आचारी

मे महिन्यात मीरा-भाईंदरकराला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. "गावी कधी?" आणि "अजून इथेच?" कोकण रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, तेव्हा आम्ही 120 दिवस आधी वेटिंगवर असायचो. नोव्हेंबर 2024पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. आता 60 दिवस आधी वेटिंगवर असतो. आशेत राहायचे दोन महिने तेवढे वाचले.

तर आम्ही इथेच असतो, आणि खरं सांगू का, ते बरंच असतं. कारण या दिवसांत आमच्या शहराचा सगळ्यात मोठा आचारी कामावर असतो. सक्काळी हजर, रविवारची सुट्टी नाही, गॅस मागत नाही, पगाराचं तर नावच नाही. लोक त्याला ऊन म्हणतात आणि खिडक्या लावून, एसीखाली बसून शिव्या देतात. आम्ही त्याला टेरेस देतो.

टेरेस मिळवणं सोपं नाही. 'टेरेसवर जाण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी दारावर आहे, पाटीखालच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या घरी आहे आणि त्याच घरच्या साबुदाण्याच्या पापड्या सगळ्यात आधी वर पोचलेल्या असतात. मनाई उरलेल्यांना. तरी दोन-चार दिवसांत उरलेलेही पोचतात. मग राष्ट्रीय एकात्मता जुन्या चादरींवर पसरते. एका कोपऱ्यात तीन दिवस गहू भिजवून काढलेल्या चिकाच्या आमच्या कुरडया, शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या मारवाडी आजींच्या मुगाच्या मंगोड्या आणि मधोमध, मानाच्या जागी, समोरच्या गुजराती भाभींचं छुंद्याचं पातेलं.

घरातल्या ज्या माणसाचा स्वयंपाकात काही उपयोग नसतो, त्याची नेमणूक राखणदार म्हणून होते. मी बिनविरोध निवडून येतो. हातात पंचा, डोक्याला रुमाल आणि समोर कबुतरं. या कबुतरांना पाचव्या मजल्यावरचे काका रोज पुण्य म्हणून ज्वारी घालतात. त्यामुळे टेरेसवरच्या कुरडया हा त्याच पुण्याचा पुढचा हप्ता आहे, अशी कबुतरांची प्रामाणिक समजूत असते.

छुंदा मात्र राखावा लागत नाही, नुसता सोसावा लागतो. किसलेल्या कैरीत साखर, मीठ, हळद घालायची, तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि पातेलं आठ-दहा दिवस उन्हाच्या स्वाधीन करायचं. रोज ढवळायचं, रोज बोटांत पाक ओढून बघायचा. तार आली की जिरं आणि तिखट. उलट आमच्या आईचा मेथांबा. कैरीच्या फोडी, मेथ्यांची फोडणी, गूळ, अर्ध्या तासात बरणीबंद. भाभींनी तो चाखला, मान डोलावली आणि विचारलं, "मावशी, छान आहे. पण याला ऊन कधी लागलं?" आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मेथांब्याची बरणी टेरेसवर दिसली.

आमरसावर मात्र तह होत नाही. आम्ही अक्षय्य तृतीयेपर्यंत दम धरून हापूस आणतो, रसात तूप नि मिरपूड घालतो. भाभी सुंठ घालतात आणि गीरच्या केसरला आंबा म्हणतात. हापूसला 2018 साली जीआय मानांकन मिळाल्याचं मी लिफ्टमध्ये अभिमानानं सांगितलं. भाभींच्या मिस्टरांनी शांतपणे सांगितलं, "केसरला 2011मध्येच." तळमजला इतका उशिरा कधीच आला नव्हता.

आचाऱ्याचा खरा भटारखाना पाहायचा तर भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरावी. शहरालगत अजून मिठागरं आहेत. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं ते उडवायचं, मागे मीठ ठेवायचं आणि पावसाच्या आत सगळं आटपायचं. मुर्धे, राई, मोर्वे मागे पडलं की नाकाला उत्तन कळतं. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून वाळत असतात. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. तळण्याआधीसुद्धा त्याला वजनाखाली दाबून ठेवावं लागतं. तेच ध्यान काही दिवस ऊन-वारा खाऊन काठीसारखं ताठ होतं.

1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून मे म्हणजे आगोटीच्या, पावसाळ्यासाठीच्या बेगमीच्या, खरेदीची घाई. "काका, पाव घेता की अर्धा किलो?" कोळीणबाईंनी विचारलं. मी "पाव" म्हणताच त्यांनी अर्धा किलो तोलला. "पावसात कालवणाला माझी आठवण काढाल." वर मूठभर सोडे त्यांनी असे टाकले, की घासाघीस करायची लाज वाटावी. तिथल्या ख्रिस्ती घरांत हे दिवस बॉटल मसाल्याचेही. मिरच्या नि वीस-पंचवीस मसाले उन्हात कडकडीत करून, भाजून, कुटून बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. बाटलीचा याहून सदुपयोग मी पाहिलेला नाही.

परतीचा प्रवास कठीण. पाच वर्तमानपत्रं, दोन पिशव्या, तरी बोंबील लिफ्टमध्ये स्वतःची ओळख स्वतःच करून देतो. समोर भाभी. त्यांनी पदर नाकाला लावला नाही, मजल्याचा आकडा मात्र फार एकाग्रतेनं पाहत राहिल्या. संध्याकाळी छुंद्याची वाटी आली. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून आईनं पन्हं पाठवलं. आमच्या बिल्डिंगचं परराष्ट्र धोरण एवढंच आहे.

आणि अगदीच अंगाची लाही झाली, तर फेब्रुवारी 2024पासून भाईंदर ते वसई रो-रो आहे. खाडीवरचा वारा तिकिटातच येतो. पलीकडे उतरून ताडगोळे खावेत. साल सोलताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जातं आणि शर्टावर डाग पडतो. स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं मिळाली तर घरी नेण्याचा विचार करू नये. रिक्षात बसेपर्यंत संपतातच.

जूनमध्ये पहिला ढग दिसला, की आख्खी बिल्डिंग टेरेसवर धावते आणि जो तो हाताला येईल ते उचलतो. खाली आल्यावर आमच्या डब्यात मंगोड्या निघतात, आजींकडे कुरडया. कोणी बदलून मागत नाही. पावसाळाभर मग मारवाड्यांच्या घरी कुरडया तळल्या जातात आणि आमच्याकडे मंगोड्यांची भाजी होते.

तेव्हा गावाचं तिकीट मिळालं नाही तर चिडू नका. मे महिन्यात आमच्याकडे या. टेरेसची किल्ली मी मिळवून देतो. कबुतरं तुम्ही हाका.