आप्पांचा ताळेबंद

डोंबिवलीतली कोणतीही सोसायटी घ्या, तिच्यात एक आप्पा असतातच. एखाद्या इमारतीत त्यांना नाना म्हणतात, एखादीत भाऊ; पाठीमागे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. ओळखायची खूण एवढीच, की महिन्याच्या एक तारखेला, दूधवाल्याच्याही आधी, जिन्याखालच्या मीटरांपुढे टॉर्च घेऊन वाकलेला जो पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिसतो, तो त्यांचा. मीटरचा आकडा ते भिंतीवरच्या कॅलेंडरात टिपतात. त्याच चौकोनात दुधाचा खाडा, दळण कधी आणलं ते, सिलिंडर कधी लावला ते, आणि एवढं लिहून जागा उरलीच तर त्या दिवशीची एकादशी दिसते.

विजेचा दर शंभर युनिटांनंतर बदलतो. शंभरापर्यंत एक, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, चांगलाच चढा. आमच्यातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी, की एकशे एकावं युनिट जळलं की पहिल्यापासून सगळ्यांनाच चढा दर लागतो. तसं नसतं, तो फक्त वरच्या युनिटांना लागतो, हे आप्पांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा तेराव्याच्या पंगतीतही समजावून सांगितलं आहे. तरी स्वतः ते शंभरी गाठत नाहीत. पंचवीस तारखेला आकडा नव्वदीत शिरला की घरात इस्त्री बंद होते आणि शर्ट गादीखाली जातात. अठ्ठ्याण्णववर डाव संपला याचा आनंद होणारा एवढा एकच फलंदाज माझ्या पाहण्यात आहे.

म्हणून त्यांनी दिवाणखान्यात बाजारातला महागातला पंखा बसवला, तेव्हा इमारतीत खळबळ उडाली. लोक निमित्त काढून पंखा बघून गेले. आप्पांनी प्रत्येकाला कागदावर करून दाखवलं: जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा साधारण तेरा तासांत एक युनिट खातो, हा तीस वॅटचा तेहेतीस तासांत. "स्वस्त पंखा आपल्याला परवडत नाही हो," ते म्हणाले. हा कागद पाठकोरा होता हे सांगायला नकोच. पुढची बाजू कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती.

लिफ्टच्या बाबतीत त्यांचं तत्त्वज्ञान निराळं आहे. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय, पण मेंटेनन्स भरलेला आहे, म्हणजे लिफ्टचे पैसे दिलेले आहेत. पैसे देऊन वस्तू न वापरणं म्हणजे उधळपट्टी. मग व्यायामासाठी ते शेजारच्या सोसायटीत जाऊन चार मजले चढून येतात. तिथल्या लिफ्टचे पैसे त्यांनी भरलेले नाहीत.

नोकरीत असताना आप्पा सेकंड क्लासने फोर्टला जायचे. रेल्वेचा तिमाही पास महिन्याच्या पासाच्या २.७ पटीत मिळतो, सहामाही ५.४ पटीत आणि वार्षिक १०.८ पटीत. भागाकार करून पाहा: तिमाहीत जे सुटतं त्याच्यापुढे वर्षाच्या पासात एक पैसाही जास्त सुटत नाही. हा भागाकार अख्ख्या डब्यात एकट्या आप्पांनी केला होता. वर्षाचा पास काढून शहाणपण मिरवणाऱ्या एका सहप्रवाशाला त्यांनी ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत उभ्या उभ्या पटवून दिलं, की तुम्ही रेल्वेला पुढच्या नऊ महिन्यांचे पैसे बिनव्याजी वापरायला दिलेत. तो गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून पुढच्या डब्यात चढू लागला.

पीपीएफचे पैसे आप्पा एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरतात, कारण व्याज धरलं जातं ते पाच तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर. एकदा सख्ख्या भाच्याची मुंज नेमकी पाच एप्रिलला आली. मातृभोजनाला मामा दिसेना. मामा बँकेत रांगेत होता. आला तो पासबुकावर शिक्का घेऊनच, आणि बटूच्या हातात पाकीट ठेवून म्हणाला, "तुझंही खातं उघडू या. पंधरा वर्षं लागतात, लवकर सुरुवात केलेली बरी."

तरी आप्पा फक्त हिशेब लिहितात. तो घडतो काकूंच्या ओट्यावर. दोडका आणला की त्याची भाजी होते आणि वरून सोललेल्या शिरांची तीळ घालून चटणी होते. दुधीच्या सालींचीही तीच गत. कलिंगडाचा लाल भाग खाल्ला की पांढरा किसून थालीपिठात. फणसाच्या आठळ्या वाळवून ठेवायच्या, त्या पावसाळ्यात आमटीत दिसतात. तूप कढवलं की बेरीत साखर घालून ती नातवाला, आणि बेरीचं भांडं घासायला टाकण्याआधी त्यातच कणीक मळायची. रात्रीचं वरण उरलं तर सकाळी वरणफळं, भात उरला तर फोडणीचा, पोळ्या उरल्या तर कुस्करा, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू. या घरात अन्न शिळं होत नाही, फक्त त्याचं नाव बदलतं. डाळ भिजवल्याशिवाय कुकरमध्ये जात नाही, आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद होते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, हे आप्पांना माहीत आहे हे गॅसवाल्यालाही माहीत आहे. आमच्या दारात तो बेल वाजवतो. आप्पांच्या दारात आधी काटा काढतो आणि मग बेल वाजवतो.

हे वाचून कुणाला त्या घरच्या पाहुण्याची दया येत असेल, तर त्याने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जेवायला जावं. आम्ही हौसेने अक्षय्य तृतीयेला हापूसची पेटी आणतो, आणि दर पाहिल्यावर पुढचे आठ दिवस त्या पेटीकडे दागिन्यासारखं बघतो. आमरस वाटीत वाढताना हात आखडतो. मुलांना "पोळीशी खा, नुसता पिऊ नको" असं सांगावं लागतं. आप्पा थांबतात. पावसाची चाहूल लागली, बागायतदार माल काढायला धावला आणि भाव गडगडला, की आप्पा दोन पिशव्या घेऊन निघतात. त्यांच्याकडे वाटी अर्धी झाली की काकू पातेलं घेऊन मागे उभ्या. नको म्हणायची सोय नाही. जेवणं झाली की साली आणि कोयी पाण्यात चुरून, ताक-बेसन लावून, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन फजिता. हा फजिता ओरपताना मी बऱ्याचदा मनाशी हिशेब मांडला आहे. एकाच फळावर आमच्या घराने त्यांच्या घरापेक्षा जास्त पैसे घातलेले असतात आणि कमी आंबा खाल्लेला असतो.

कंजूष माणसं मीही पाहिली आहेत. ती स्वतःच्या जिभेलाही उपाशी ठेवतात आणि दारात पाहुणा दिसला की आतला दिवा मालवतात. आप्पांना पाहुणा हवा असतो. बोलायला माणूस मिळतं. शिवाय चौघांचा कुकर आणि सहा जणांचा कुकर यांना गॅस जवळजवळ तेवढाच लागतो, म्हणजे माणशी खर्च उतरतो. तुम्ही गेलात की त्यांची सरासरी सुधारते.

भाजीवालीशी ते घासाघीस करत नाहीत. "तिचं पोट आहे त्यात," एवढंच म्हणतात, आणि संध्याकाळी उशिरा जातात, जेव्हा तिलाच टोपली रिकामी करून गाडी पकडायची असते. त्यांचं खरं वैर आहे ते मॉलशी. एकावर एक फुकट, तीनावर वीस टक्के सूट, असल्या पाट्यांपुढे ते चष्मा कपाळावर चढवून उभे राहायचे, पाकीट फिरवून वजन बघायचे आणि शंभर ग्रॅमला किती पडलं ते तोंडी सांगायचे. मोठं पाकीट लहानापेक्षा महाग पडतं हे सिद्ध झालं की आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनाही बोलावून दाखवायचे. हल्ली पाकिटावरच ग्रॅममागची किंमत छापावी लागते. सरकारने आपल्या विद्येचं राष्ट्रीयीकरण केलं असं आप्पांना वाटतं. आता ते बिस्किटांची रिकामी वेष्टणं जपतात, तारीख घालून. किंमत तीच आणि वजन घटत चाललंय, याचा पुरावा म्हणून. खटला कधी, कुठे भरायचा आहे ते अजून ठरलेलं नाही, पण पुराव्यांनी एक ट्रंक भरली आहे.

२०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. आता पिशव्या आणायच्या कुठून, हा प्रश्न इतरांना पडला. लपवायच्या कुठे, हा आप्पांना. गादीखाली, माळ्यावर, जुन्या शिवणयंत्राच्या पेटीत घडी घालघालून ठेवलेल्या कित्येक वर्षांच्या पिशव्यांसह ते एका रात्रीत गुन्हेगार झाले होते. बाजारात मात्र ते पडद्याच्या कापडाची पिशवीच नेत. तो पडदाही आधी काकूंची साडी होता.

मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली, तेव्हापासून आप्पा रेल्वेशी लोकलपुरतंच बोलतात. एसटीवर मात्र त्यांचा जीव आहे. पासष्टीनंतर अर्धं तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केली की राज्यभर फुकट, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं. आप्पा सध्या चौऱ्याहत्तरचे आहेत. लोक या वयात वाढदिवस विसरायला बघतात. हे महिने मोजताहेत. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जायचं काकूंच्या मनात कधीचं आहे.

"देवी कुठे चालली आहे?" आप्पा म्हणतात. "फेब्रुवारीत जाऊ."

"अहो, पण मला फेब्रुवारीतही अर्धं पडणारच की."

"म्हणून तर म्हणतो, आत्ता गेलो तर दोन अर्ध्यांचं एक पूर्ण होतं."

मी एकदा सहज म्हटलं, आप्पा, पंचाहत्तरी झाली की गोव्यालाच जा. ते हसले. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. बांद्यापर्यंत फुकट, पुढे काय चालत जायचं? जरा वेळाने गॅलरीतून त्यांचाच आवाज आला, "बांद्याहून पणजी किती हो साधारण?"

त्यांचा पुतण्या हिंजवडीला असतो. मध्यंतरी तो शून्य-कचरा जीवनशैलीची एक दिवसाची कार्यशाळा करून आला आणि थेट काकूंना शिकवायला बसला. सालींची चटणी करता येते, जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवता येतात, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालता येतं. काकूंनी सगळं कौतुकाने ऐकून घेतलं. त्याने तिथून आणलेला बांबूचा टूथब्रशही पाहिला. (जुन्या ब्रशाने पायजम्यात नाडी ओवतात यावर लोक विनोद करतात. आप्पांना त्यात विनोद कुठे आहे ते कळत नाही.)

"किती घेतले रे?" काकूंनी विचारलं.

"अडीच हजार."

"जेवणासकट?"

"जेवण नव्हतं, काकू. डबा आपापला न्यायचा होता."

"मग इकडेच यायचंस. मी पाचशेत शिकवलं असतं, वर जेवायलाही घातलं असतं."

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वर्गात माणसं किती होती ते विचारलं आणि पाठकोरा कागद ओढला.

आमच्या गणपतीचे खजिनदार वर्षानुवर्षं आप्पाच होते. दर वर्षी विसर्जनानंतर ताळेबंद जिन्यात लागायचा, रुपयाचा रुपया जुळलेला, आणि तळाशी शिल्लक. नव्या मंडळींना ती शिल्लक बोचू लागली. गणपती म्हणजे काय मुदत ठेव आहे का, असं कुणीतरी बैठकीत बोललं, आणि आप्पा मानाने निवृत्त झाले. त्या वर्षी रोषणाई झाली, भाड्याचं सिंहासन आलं, स्मृतिचिन्हं वाटली गेली. अनंत चतुर्दशीनंतर बरेच दिवस जिन्यात काहीच लागलं नाही. मग मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला आणि मिठाईवाला असे तिघं आळीपाळीने अध्यक्षांच्या दारात दिसू लागले.

पुढच्या आषाढात कमिटी आप्पांकडे गेली. मीही होतो. काकूंनी सगळ्यांपुढे आळूवड्या ठेवल्या. पानं सोसायटीच्याच टाकीमागची होती. आप्पांनी फार ताणलं नाही. "करतो. पण छपाई माझ्या पद्धतीने." पद्धत म्हणजे काय, हे अध्यक्षांनी भीत भीत विचारलं.

"पावतीची मागची बाजू कोरी जाते दर वर्षी. तिथे आरत्या छापू. आरतीची पुस्तकं वेगळी काढायला नकोत."

"एवढ्याशा पावतीवर सगळ्या आरत्या मावतील?"

"सगळ्यांना सगळ्या कशाला?" आप्पांनी टिपण आधीच करून ठेवलं होतं. "पाचशे एकच्या पावतीवर मंत्रपुष्पांजलीसकट. एक्कावन्नवाल्याला फक्त गणपतीची."