गेलेलं वजन परत कसं मिळवाल?

ज्यांचं वजन गेल्या दोन-चार महिन्यांत पाच-सात किलोंनी कमी झालं आहे आणि त्यामुळे जे हवालदिल झाले आहेत, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. हवालदिल हा शब्द जपूनच वापरला आहे. बारीक झालेल्या माणसाला लग्नकार्यात कुणीतरी हमखास बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "शुगर-बिगर निघाली का हो?" आई म्हणते, तोंड उतरलंय. ऑफिसातले सहकारी कौतुक करतात, पण डब्यातला बेसनलाडू पुढे करूनच. अशा वेळी धीर सुटणं स्वाभाविक आहे. पण गेलेलं वजन हे मारलेल्या पाकिटासारखं नसतं. पाकीट परत येत नाही. वजन येतं, आणि येताना पुष्कळदा सोबत एखाददुसरा किलो जास्तीचा आणतं.

पहिली सूचना अशी, की सुरुवातीला काहीच करू नका. शरीर तुमच्या आधीच कामाला लागलेलं आहे. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा टीव्ही कार्यक्रम होता. त्यात लठ्ठ स्पर्धकांना राब राब राबवून बारीक करत. त्यातल्या चौदा जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि निष्कर्ष २०१६मध्ये छापले. स्पर्धेत सरासरी अठ्ठावन्न किलो उतरवले होते, त्यातले एक्केचाळीस परत आले होते. खरी गंमत पुढे आहे. त्या वजनाच्या माणसाचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी जेवढ्या कॅलरी जाळल्या जायला हव्यात, त्यापेक्षा यांची शरीरं रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होती. सहा वर्षं झाली तरी शरीराने कंजुषी सोडली नव्हती. टीव्हीवाले विसरले, प्रेक्षक विसरले, शरीर विसरलं नाही.

याची यंत्रणाही पक्की आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला देण्यासाठी. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्याचा शोध लागला. चरबी घटली की निरोप क्षीण होतो आणि मेंदूची समजूत होते की मुलखात दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो, खर्च कमी करतो, आणि दुष्काळ तुम्ही सव्वीस जानेवारीला संकल्प करून स्वतःच आणला आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर कुणी घालत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ज्यांना आधी स्वयंपाकघराशी काही देणंघेणं नव्हतं, ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, कृती उतरवून घेऊ लागले. पुढे अन्न खुलं झालं तेव्हा त्यांतले काही जण पोट गच्च भरलं तरी भूक गेली नाही म्हणत. तेव्हा रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून तुम्ही मोबाइलवर उकडीच्या मोदकांना कळ्या पाडतानाचे व्हिडिओ बघत असाल, तर समजा, वसुली सुरू झाली.

तरीही ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी घरच्यांची मदत घ्यावी. मराठी घरात हे खातं आधीपासून सुरळीत चालू आहे. "अर्धीच घे" म्हणून वाढलेली पोळी अर्धी कधीच नसते. नको म्हणायला पानावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून तूप सोडणाऱ्या आत्याबाई अजून प्रत्येक कुटुंबात शाबूत आहेत. त्यांच्या तब्येतीची काळजी घ्या. पानात टाकायचं नाही हा दंडक तर फारच उपयोगी, कारण त्यात आपण किती वाढून घेतलं याची चौकशी होत नाही. आयांसाठी वेगळी वाट आहे. पोरांच्या ताटलीतला उरलेला पराठा, डब्यातून परत आलेला शिरा, कढईला लागलेली साबुदाण्याची खरपुडी, हे सगळं उभ्याने ओट्यापाशी खावं. उभ्याने खाल्लेलं कुणीच जेवणात धरत नाही. बाई दिवसभर "मी काहीच खाल्लं नाही" म्हणते ते मनापासून म्हणते.

जेवताना घाई करा. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि एवढ्या वेळात पंगतीची दुसरी फेरी सहज होते. शिवाय पानात पदार्थ पुष्कळ ठेवा. एकच पदार्थ खाताना जीभ त्याला लवकर विटते, पण दुसरा समोर आला की ताजीतवानी होते. म्हणून डाव्या-उजव्या बाजूंसकट मांडलेलं मराठी पान या कामी अव्वल. भात नको नको झालेला माणूस श्रीखंड दिसताच सावरून बसतो. गोडासाठी पोटात वेगळा कप्पा असतो असं घरोघरी म्हणतात, ते शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसलं तरी फारसं चूक नाही.

उपासाबद्दल नवं सांगायची गरज नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी कॅलरी न मोजता ओळखलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर तूप, शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि बाजूला दही. चातुर्मास नेटाने केला तर कार्तिकीपर्यंत निम्मी वसुली व्हावी.

व्यायाम बंद करायचं कारण नाही. उलट रोज फिरायला जा, मात्र कंपूने जा. सत्तर किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी झपझप चालला तर साधारण अडीचशे कॅलरी जातात. परतताना टपरीवर थांबून एक वडापाव घेतला की हिशेब फिटतो आणि वर साखरेचा चहा शिलकीत पडतो. चाललो आहोत म्हणजे हक्काने खाऊ शकतो, ही भावना पहिल्या दिवसापासून जोपासावी.

आता थोडं बाजाराबद्दल. घरच्या वरणभाताने वजन परत येतं, पण वेळ लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी पाकिटं आणावीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना इस्पितळातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या पानांत साखर, मीठ, चरबी, चोथा दोन्हीकडे जुळवलेले. खा हवं तेवढं, असं सांगितलेलं. तरी कारखान्याच्या पानावर माणसं रोज पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. हे २०१९ साली छापून आलं. त्या माणसांना कुणी आत्याबाई आग्रह करत नव्हती, हे लक्षात घ्या. आग्रह पाकिटातच भरलेला होता. तेव्हा वेफर्स, क्रीमची बिस्किटं, दोन मिनिटांच्या शेवया यांचा डबा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, आणि मुलांसाठी आणलंय असं म्हणावं.

इथे एक अडचण येते. काही वाचक विचारतील, हे व्यसन तर नव्हे? याचं उत्तर तज्ज्ञांनी सोयीस्करपणे लांबवलं आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या यादीत भसाभसा खाण्याच्या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली, 'अन्नाचं व्यसन' या नावाला मिळाली नाही. मात्र येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९मध्ये एक प्रश्नावली बनवली. दारूच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी ते ताटाला लावले: ठरवलं त्यापेक्षा जास्त खाता का, कमी करायचं म्हणून पुन्हा पुन्हा फसता का, त्रास होतोय कळूनही चालूच ठेवता का. लोकांना कोणत्या पदार्थांपुढे ताबा सुटतो हे विचारलं तेव्हा पिझ्झा, चॉकलेट, चिप्स वर आले. काकडी तळाला गेली. काकडीपायी कुणाचा संसार मोडल्याचं आपणही ऐकलेलं नाही.

पण समजा, व्यसन आहे. तर सोडायचं कसं? पुण्यात १९८६पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. तिथे दारू संपूर्ण बंद, पहिला घोटच घ्यायचा नाही, ही गोष्ट रुग्णाला शिकवतात. आता असं एक केंद्र मनात आणा, जिथे रुग्णाला सकाळी एक, दुपारी दीड आणि रात्री एक पेग घ्यावाच लागतो, तोही घरच्यांबरोबर बसून. न घेतला तर मरेल. जास्त घेतला तर मनाचा दुबळा म्हणून बोलणी खाईल. संक्रांत, गुढीपाडवा, गणपती, दिवाळी या दिवशी घरचीच माणसं बाटली घेऊन मागे लागतील आणि रस्त्यात दर पन्नास पावलांवर गुत्ता असेल. त्या केंद्रातून किती जण बरे होऊन बाहेर पडतील? जास्त खाणाऱ्याला आपण नेमकं याच केंद्रात भरती करतो आणि वर म्हणतो, "तोंडावर ताबा नको?"

आपल्या कामासाठी हा ताब्याचा मुद्दा फार मोलाचा आहे, म्हणून तो सोडू नका. वजन परत आणायचं तर स्वतःला दोष देत राहणं अत्यावश्यक आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला. खाण्यावर सतत पहारा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, मग आइसक्रीम समोर ठेवलं. पोट भरलेलं, तरी मिल्कशेक न घेतलेल्या पहारेकऱ्यांपेक्षा त्यांनी आइसक्रीम जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता काय! मराठीत याला 'सोमवारपासून' म्हणतात. मंगळवारी दुपारी एक जिलबी खाल्ली गेली की पुढचा सोमवार येईपर्यंत साडेपाच दिवस मोकळे मिळतात. एक जिलबी खाऊन शांतपणे उठून जाणारा माणूस या मार्गात काही कामाचा नाही.

जे मुळातच बारीक दिसतात, त्यांना वाटेल की हे सगळं आपल्यासाठी नाही. त्यांनीही निराश होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२. भारतीय माणूस काटा न हलवतासुद्धा चरबी राखू शकतो, याहून दिलासा तो कोणता? काट्याऐवजी कमरेला टेप लावली तर पितळ उघडं पडतं, म्हणून टेप घरात ठेवू नये.

राहता राहिलं इंजेक्शन. आठवड्याला एक टोचलं की भूकच गप्प बसते, अशी औषधं २०२५पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत, आणि आमच्या क्षेत्रात त्यामुळे खरोखरच चिंता आहे. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं. ज्यांना आयुष्यभर मनोनिग्रहाची प्रवचनं ऐकवली, त्यांची भूक एका सुईने गप्प बसली म्हणजे दोष मनोनिग्रहाचा नव्हताच की काय, असा अडचणीचा प्रश्नही लोक विचारू लागले आहेत. त्याला उत्तर देऊ नये. एवढंच सांगावं की सुई थांबवल्यावर वर्षभरात त्या लोकांचं उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आलं, आणि औषध महाग आहे.

शेवटची सूचना कपड्यांबाबत. बारीक झाल्याच्या भरात जुन्या पँटी कुणाला देऊन टाकू नका. फारच सैल झाल्या असतील तर आत घेऊन आणा, पण कमरेतलं कापड कापू नका, आत भरपूर माया ठेवा, असं शिंप्याला बजावा. पन्नाशीच्या पुढचा अनुभवी शिंपी गाठलात तर तेही सांगावं लागणार नाही. तो टेप गळ्यात अडकवत तुमच्याकडे एकदा बघतो आणि नुसती कच्ची टीप मारून देतो.