ट्रॅक्टरवर माणूस बसतो

लहान ट्रॅक्टर घ्यायला शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एचपीचा बघायचाय, दादा?" दुसरा: "रोख की फायनान्स?" मग लिफ्ट किती किलो उचलते, टायर कोणत्या साइजचे, फोर व्हील हवा का, तासाला डिझेल किती जातं, हे सगळं ओळीने येतं. त्यावर बसणारा माणूस किती उंच आहे, त्याची कंबर धरते का, तो सलग किती तास बसतो, हे मला एकाही विक्रेत्याने विचारलेलं नाही. माझी तक्रार इथून सुरू होते. बारीकसारीक वाटेल, पण बागेतल्या ट्रॅक्टरवर माणसाचं आयुष्य जातं, आणि आयुष्य बारीकसारीक गोष्टींनीच झिजतं.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. दोन ओळींत नऊ फूट, वर वाय आकाराचा मांडव. त्यात मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून १८ ते २८ एचपीचा अरुंद ट्रॅक्टर घ्यावा लागतो. महिंद्राचा जिवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटीचा १८० डी, जॉन डिअरचा ३०२८ ईएन, राजकोटचा कॅप्टन अशी बरीच नावं आहेत. इंजिनाबद्दल माझं यातल्या कुणाशीच भांडण नाही. ही यंत्रं कमी डिझेलवर फवारणीचा ब्लोअर ओढतात, रोटर फिरवतात, शेणखताची ट्रॉली आणतात आणि ओल्या वाफशातही अडकत नाहीत. बैलजोडी आणि पाठीवरचा पंप यांच्या जोरावर बाग करणाऱ्या आमच्या वडिलांच्या पिढीला हे स्वप्न वाटलं असतं. पण पंधरा वर्षांत यंत्र जितकं सुधारलं, तितकी त्यावरची बसायची जागा सुधारली नाही.

लहान ट्रॅक्टरची रुंदी कमी करायची म्हणजे काहीतरी आत घ्यावं लागतं. आत घेतली जाते ती चालकाची जागा. गिअरबॉक्सचा उंचवटा दोन पायांच्या मधोमध येतो, क्लच आणि ब्रेकसाठी दोन्ही पाय फाकून ठेवावे लागतात, आणि साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाचा गुडघा वळणावर स्टिअरिंगला लागतो. हायड्रोलिकचा दांडा आणि पीटीओचा दांडा मांडीला घासतात. खाली उतरताना पाय ठेवायला धड पायरी नसते. ब्लोअरचे नोझल चालू आहेत की तुंबले, हे बघायला चालकाला दर ओळीत मान मागे वळवावी लागते. आमच्याकडे ब्लोअर चालवणारे मामा संध्याकाळी उजवी मान चोळत बसतात, आणि ते कशामुळे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सीट फिरती असती, निदान पंधरा-वीस अंश वळणारी असती, तर हा त्रास निम्मा झाला असता. अशी सीट करणं अवघड नाही.

पाण्याच्या बाटलीलाही जागा नाही. हा मुद्दा कुणाला क्षुल्लक वाटला तर त्यांनी ऑक्टोबर छाटणीनंतर एक दिवस ट्रॅक्टरच्या मागे चालून बघावं. जागा नसल्याने बाटली सुतळीने दांड्याला टांगली जाते, दिवसभर औषधाच्या तुषारात भिजते, आणि दुपारी तीच तोंडाला लागते. मडगार्डच्या आत झाकणाचा एक साधा खण दिला तर हे टळतं. कॅटलॉगच्या रंगीत पानांवर एलईडी दिव्यांचं कौतुक आहे. त्या खणाचं नाव नाही.

बाजारात ट्रॅक्टर सजवून मिळतो. म्युझिक सिस्टिम, रंगीत दिवे, मोठा हॉर्न, पुढचा जाड बंपर, काचेवर लावायचं नाव, सगळं तालुक्याच्या ठिकाणी दुपारपर्यंत बसवून देतात. धक्के झेलणारी सीट, मागचं काम दिसेल असा मोठा आरसा, रात्रीच्या फवारणीसाठी मागे तोंड केलेला चांगला दिवा मागितला की "मागवून घ्यावं लागेल" असं उत्तर येतं. लोक हौसेने दिवे लावतात याला माझी हरकत नाही. हौसेचं दारात मिळतं आणि गरजेचं मागवावं लागतं, याला आहे.

उन्हाला उपाय म्हणून फायबरचा टप बसवतात. सकाळी आठ वाजता आणि दुपारी चारनंतर ऊन तिरपं असतं. फवारणीही नेमकी त्याच वेळी असते, म्हणून टपाची सावली चालकावर पडत नाही, शेजारच्या ओळीवर पडते. शिवाय टपाचे कोपरे मांडवाच्या तारेला आणि नव्या फुटींना लागतात, म्हणून हंगामात तो काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवला जातो. सायलेन्सरचंही असंच. उभा सायलेन्सर पानं भाजतो, म्हणून बागेच्या ट्रॅक्टरला तो खाली आडवा असतो. पिकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण हळू चालीत, वारा पडलेला असताना, त्याचा धूर चालकाच्याच अंगावर येतो. पान वाचवायचा विचार झाला, नाकाचा झाला नाही.

आता केबिनबद्दल, कारण माझी खरी मागणी तीच आहे. अमेरिकेत २५ एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला कारखान्यातूनच बंद केबिन येते. तिथे त्याचा वापर घराभोवतीचं गवत कापायला, बर्फ सारायला, पाच-दहा एकरांच्या जागेची देखभाल करायला होतो. कुबोटाची एलएक्स मालिका याच कामाची आहे. थंडीत बर्फ लोटणाऱ्या माणसाला हीटर मिळतो, याचा मला हेवा नाही, आनंदच आहे. आपल्याकडे कारखान्यातून केबिनसह येणारे ट्रॅक्टर बहुतेक पन्नास एचपीच्या आगेमागे सुरू होतात, आणि ते ऊस आणि नांगरटीच्या मोठ्या कामाचे आहेत. औषधाच्या ढगात रोज उभा राहणारा ट्रॅक्टर मात्र लहान. ज्याला केबिनची सर्वांत जास्त गरज आहे तोच उघडा.

मग शेतकरी फॅब्रिकेटरकडे जातो. अँगल, पत्रा, ॲक्रिलिकची काच, दोन बिजागऱ्या, आणि केबिन तयार. मी अशा बऱ्याच केबिन बघितल्या आहेत. करणारे कारागीर हुशार आहेत, त्यांची मेहनत खरी आहे, पण त्यांना नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नाही. दांडे आत येतात त्या भोकांना रबर नसतं, म्हणून औषध खालून शिरतं. ॲक्रिलिक महिन्याभरात ओरखड्यांनी आंधळं होतं, त्यावर बोर्डोचा निळसर थर बसतो आणि पुढची ओळ दिसत नाही. एसी नसतो, मग आतली गरमी सहन न होऊन चालक दार उघडून बांधून ठेवतो. ब्लोअरचे कॉक आणि प्रेशर मीटर मागे यंत्रावर असतात, म्हणून मागची काचही उघडीच. एसी लावायचा तर कॉम्प्रेसर लहान इंजिनाची दोन-तीन एचपी खातो आणि ब्लोअरचा दाब पडतो, शिवाय अल्टरनेटर लहान.

एसी असला म्हणजे औषधापासून बचाव होतो, हा समज खोटा आहे. युरोपात फवारणीच्या केबिनसाठी ईएन १५६९५ नावाचं मानक आहे. त्यात केबिनचे चार वर्ग आहेत. पहिल्यात संरक्षण नाही, दुसरा फक्त धूळ अडवतो, तिसरा धूळ आणि तुषार अडवतो, आणि चौथा धूळ, तुषार आणि वाफ तिन्ही अडवतो. चौथ्या वर्गात हवा कार्बनच्या फिल्टरमधून आत येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवला जातो, म्हणजे एखादी फट राहिली तरी हवा आतून बाहेर जाते. साध्या एसीत यातलं काहीच नसतं. तो धूळ गाळतो आणि औषधाची वाफ थंड करून तोंडावर सोडतो. मोठ्या केबिनच्या ट्रॅक्टरवर बसून निर्धास्त फवारणी करणाऱ्यांनी आपला फिल्टर कोणत्या वर्गाचा आहे, हे आजच डीलरला विचारावं.

केबिन बसवल्यावर कायद्याचा प्रश्न राहतोच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कारखान्याने दिलेल्या रचनेत मनाने बदल करू देत नाही. डीलर म्हणतो, वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी संपली. म्हणजे कारखाना केबिन देत नाही, आणि आपण केली तर ती मान्य होत नाही. चालकाने श्वास कुठे घ्यायचा?

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. लहान ट्रॅक्टरची केबिनही सात फुटांच्या आसपास उंच होते, ती मांडवाखालून जात नाही. वाय पद्धतीत दोन्ही बाजूंच्या फांद्या ओळीवर झुकलेल्या असतात, केबिनचे खांदे त्यांना घासतात, घड गळतात. किंमत वाढते. हे सगळं खरं. पण युरोपातल्या द्राक्षपट्ट्यांत हाच प्रश्न होता. फेंट २०० मालिकेतला सर्वांत अरुंद ट्रॅक्टर जेमतेम १.०७ मीटर रुंद आहे, त्याची केबिन वर निमुळती होत जाते, आणि त्याला चौथ्या वर्गाचा फिल्टर मिळतो. न्यू हॉलंडच्या टी४ मालिकेतही असा फिल्टर मिळतो. ते ट्रॅक्टर आपल्याला परवडणारे नाहीत आणि आपल्या मांडवासाठी केलेलेही नाहीत. पण ज्या अडचणीमुळे आपल्याला 'शक्य नाही' असं सांगितलं जातं, ती अडचण दुसरीकडे सोडवून झालेली आहे. आपल्या वायसाठी खालच्या बसणीची, खांदे उतरते केलेली केबिन करणं हे आपल्याच अभियंत्यांचं काम आहे, आणि जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर विकल्या जाणाऱ्या देशात ते कुणी हाती घेतलं नाही तर तो बाजाराचा नाही, मनाचा कोतेपणा आहे.

मला सर्वांत जास्त लागतं ते वेगळंच. आपल्या निर्यातीच्या द्राक्षाची किती काळजी घेतली जाते बघा. प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते. माल निघण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यात शेकडो रसायनांचे अंश तपासले जातात. ज्या औषधाला युरोपात स्वतंत्र मर्यादा नाही, त्याची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून आपली द्राक्षं तिकडे अडली, तेव्हा सगळा पट्टा हादरला, आणि पुढे तपासणी आणखी कडक झाली. हे व्हायलाच हवं होतं. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये. पण तेच औषध रोज फवारणाऱ्याच्या रक्तात किती उतरलं, हे मोजणारी एकही यंत्रणा मला आमच्या भागात दिसलेली नाही. पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर, किती दिवसांचा हे बागेतल्या पोरालाही पाठ आहे. मामांचा खोकला किती दिवसांचा, याची नोंद कुठेच नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हा चौकशी झाली, किट वाटली गेली. पण चाळीस अंशांत प्लॅस्टिकचा अंगरखा घालून कुणी सहा तास काम करू शकत नाही, म्हणून किट कोपऱ्यात पडतात. केबिन म्हणजे हाच अंगरखा, फक्त तो माणसाने अंगावर वागवायचा नसतो, यंत्राने वागवायचा असतो. म्हणूनच मी तिला चैन म्हणत नाही.

तोपर्यंत एवढं तरी करा. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्बन काडतूस असलेला मास्क घ्या आणि काडतूस उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला. बाटली डब्यात ठेवा. ओळीच्या टोकाला वळताना ब्लोअर बंद करा, नाहीतर आपणच सोडलेल्या ढगात आपण परत शिरतो.

सरकारकडे एक मागणी आहे. कृषी यांत्रिकीकरणाचं ट्रॅक्टरचं अनुदान एचपीवर आणि टू व्हील की फोर व्हील यावर ठरतं. त्यात एक ओळ वाढवा: फवारणीसाठी प्रमाणित, फिल्टर असलेल्या केबिनला वेगळं अनुदान. अशी ओळ आली की कंपन्या केबिन करतील, कारण अनुदान जिथे जातं तिथे त्यांचा अभियंता जातो, हे आपण ठिबकमध्ये बघितलं आहे. फॅब्रिकेटरांसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने किंवा एखाद्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाने मोजमापासह एक नमुना आराखडा काढून द्यावा. राज्य द्राक्ष बागायतदार संघाने वार्षिक परिषदेत छाटणी, जी.ए. आणि वाणांच्या बरोबरीने एक सत्र चालकाच्या जागेसाठी ठेवावं, आणि त्यात व्यासपीठावर ब्लोअर चालवणाऱ्यांना बसवावं.

आणि तुम्ही पुढच्या वेळी ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा तो चालवणाऱ्याला बरोबर न्या. त्याला सीटवर बसू द्या, क्लच दाबू द्या, मान वळवून मागे बघू द्या. त्याने नको म्हटलं तर कोटेशन खिशात ठेवा आणि दुसऱ्या शोरूममध्ये जा.